दुसऱ्याचं मूल, दोन ब्रेक

सोमवार, ४ सप्टेंबर

ताई,

बाबांनी वचन घेतलं होतं ते फोनचं. तुला फोन करायचा नाही, तुझा आला तर घ्यायचा नाही. पत्राबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं, हे माझ्या डोक्यात यायला वर्ष गेलं. शिकलेली असून ही गत.

तुझ्या त्या एकुलत्या एका कार्डावर पत्ता होता. 'पोचलो. बरे आहोत.' एवढ्या मजकुराला कार्ड कशाला लागतं गं, बसच्या तिकिटामागेही मावला असता. आईने ते कार्ड चहाच्या डब्यामागे ठेवलंय, आणि ते तिथे आहे हे घरात कोणालाच माहीत नाही असं ती धरून चालते. चहा रोज मी करते.

मी रागावलेली नाही, हे आधीच लिहून टाकते. आता बाकीचं.

माझा निकाल लागला. पास झाले, आणि नुसती पास नाही. आपल्या घरात पदवी ठेवायची कुठे हेच कोणाला माहीत नव्हतं, म्हणून बाबांनी ती फ्रेम करून आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात वाहतुकीच्या चिन्हांच्या तक्त्याशेजारी लावली. 'थांबा', 'वळू नका', 'पुढे शाळा आहे' आणि मी. तेव्हापासून ते मला नावाने हाकच मारत नाहीत. "बीएस्सी, चहा टाक." "बीएस्सी, गाडीच्या चाव्या कुठे ठेवल्यास?"

आणि नोकरी लागली. शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत. आई सगळ्यांना सांगते, "पाण्यात लागली," आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी पोहायला शिकवते. सकाळी सगळ्यात आधी सार्वजनिक जलतरण तलावावर जायचं, बाटलीत नमुना घ्यायचा, आणि क्लोरीन जागेवरच बघायचं. नळीतल्या पाण्यात एक गोळी टाकली की ते गुलाबी होतं. जितकं गुलाबी तितकं क्लोरीन. मग तिथून टाक्या, शाळांचे नळ, इस्पितळाचा नळ. मला हे काम फार आवडतं. हसू नकोस, पण लोक उठायच्या आत त्यांच्या नळाचं पाणी कोणीतरी बघून गेलेलं असतं, आणि ती कोणीतरी मी असते, हे मला रोज सकाळी खरंच वाटतं.

प्रयोगशाळेची गाडी लांबच्या धरणांकडे जाते, नवख्यांनी आपापलं वाहन आणायचं. म्हणून मी आपली स्कूलचीच गाडी नेते. बाबांचे शिकाऊ नंतर येतात, तोवर मी परत. मात्र छपरावरची 'शिकाऊ' पाटी काढायला बाबा तयार नाहीत. "पाटी बघून लोक अंतर ठेवतात. पदवी बघून कोणी ठेवत नाही."

आता खरी गोष्ट. शेजारची भिंगरी. तुझी नणंद. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहितेय. आपल्या घरात तो अजून आलेला नाही. भाऊजी तिला रोज सकाळी तलावावर सोडायचे, आठवतं ना? तुम्ही दोघं गेलात तेव्हा आमची ताई गेली, त्यांचा मुलगा गेला, आणि तिचा ड्रायव्हर गेला. पहिल्या दोन्हींचं दुःख दोन्ही घरांनी भरपूर केलं. तिसऱ्याचं कोणी केलं नाही. मग काकूच आपल्या लेकीला स्कूटरवरून न्यायच्या. आता काकू मनगट मोडून बसल्यात, शिलाई मशीनवर कापडाचे गठ्ठे तसेच पडलेत. काका रात्रपाळीवरून येईपर्यंत तिचा सराव संपतो. पहिली बस उशिरा. म्हणून पोर चालत जाते.

आज मी तिच्या शेजारून गेले. पोहण्याची पिशवी तिच्यापेक्षा मोठी. तिने गाडी ओळखली, त्या पाटीमुळे कोणीही ओळखेल, आणि बाजूला झाली. हात केला नाही. मीही थांबले नाही. तलावावर नमुना घेतला, रंग बघितला, बाटल्या पेटीत ठेवल्या, आणि निघाले तेव्हा ती धापा टाकत दारातून आत शिरत होती. प्रशिक्षक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रोज असा उशीर होणार असेल तर निवड चाचणीला मी तुला उतरवणार नाही. आई-बाबांना सांग."

आम्ही दोघी त्याच दाराने आलो होतो, ताई. मी रिकाम्या गाडीतून.

बाबांचा शब्द तुला माहीत नसेल, तू गेल्यानंतरचा आहे. त्या घरचं माणूस या गाडीत बसणार नाही. कारण भाऊजी याच गाडीत शिकले आणि तू मागच्या सीटवर 'आरसे कसे बघतात ते शिकायला' बसायचीस. आरसे तुम्ही दोघांनी फारच छान बघितले. "माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, आणि मला कळलं नाही!" हे वाक्य बाबा अजून नव्या शिकाऊंनाही ऐकवतात. त्यांना वाटतं हा वाहतुकीचा नियम आहे.

मी काय करू असं विचारत नाहीये. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितेय. फक्त कुणाला तरी सांगून बघायचं होतं, आणि असल्या गोष्टी मी ज्या माणसाला सांगायची ते तिकडे आहे.

तुझी,
बीएस्सी (इलाज नाही)


शनिवार, ९ सप्टेंबर

ताई,

गुपचूप नेणं सोपं होतं. कोपऱ्यावर बसवायचं, तलावाच्या अलीकडे उतरवायचं. मी तसा बेतही केला. तो इतका छान जमला की मला त्याचीच भीती वाटली. बाबांचा राग तुझ्या लग्नावर नाही गं. न सांगण्यावर आहे. "विचारलं असतं तर मी काय नाही म्हणालो असतो?" असं ते म्हणतात. (म्हणाले असते. पण तेव्हा म्हणून मोकळे झाले असते, आता वर्षभर म्हणत बसले नसते.) तेव्हा मी ठरवलं, जे काही करायचं ते दार उघडं ठेवून.

त्याआधी तुला वकील सांगायला हवा. तो मांजर आहे. तू गेल्यावर आला. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर बसतो, दोन्हीकडे जेवतो, कोणाचाच नाही. आई आणि काकू एकमेकींशी बोलत नाहीत, पण दोघी त्याच्याशी बोलतात. मोठ्याने. परवाचंच ऐक. आई कपडे वाळत घालत होती.

"काय रे मांजरा, हात कसा मोडला म्हणे? स्कूटरवर चढताना की उतरताना?"

भिंतीपलीकडून काकू, "मांजरा, सांग त्यांना, स्कूटर उभी होती. अंगावर पडली."

"उभी स्कूटर अंगावर घेणारी बाई पहिल्यांदाच बघितली हो."

"बघितली कुठे? बघायला आल्या असत्या तर चहा तरी मिळाला असता."

"मांजरा, बोलावलं कोणी होतं?"

"हात मोडायला आमंत्रण छापतात का रे?"

हे कामकाज रोज चालतं. म्हणून मी त्याचं नाव वकील ठेवलं आणि ते दोन्ही पक्षांनी मान्य केलं.

तर काल संध्याकाळी बाबा गाडी पुसत होते. मी जाऊन उभी राहिले.

"बाबा, शेजारच्या भिंगरीला मी उद्यापासून तलावावर नेणार आहे."

"विचारतेस की सांगतेस?"

"विचारते. पण नाही म्हणालात तर मीही चालत जाईन. तिच्याबरोबर. नमुन्यांची पेटी डोक्यावर घेऊन."

"हे बीएस्सीला शिकवतात?"

"नाही. हे या घरातच शिकले."

ते आरसा पुसत राहिले. मग मी भाषण केलं. तुला माहीत आहे माझं. लहान मुलाचा यात काय दोष, शिकलेल्या माणसाने असं डोळ्यांवर कातडं ओढून जायचं तर शिकायचं कशाला, मी सगळ्या शहराच्या मुलांचं पाणी तपासते आणि शेजारच्या मुलीला रस्त्यावर मागे टाकून जाते, हे मला जमणार नाही. आवाज चढला असावा, कारण आई दारात आली.

"पदवीने माणूस इतकं बोलतं का गं? त्यांना फडकं तरी पिळू दे."

बाबांनी फडकं पिळलं. चारही चाकांची हवा बघितली. मग शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं, खाली वाकले, आणि तिथला ब्रेक हाताने दाबून बघितला. पुन्हा दाबला. दार लावून आत गेले.

हे उत्तर आहे की काय, मला कळेना. पण 'नाही' असतं तर ते मोठ्याने आलं असतं, एवढं आपल्या बाबांना आपण ओळखतो. मी भिंतीशी गेले. काकू पलीकडे एका हाताने कपडे काढत होत्या, वकील मध्ये बसला होता.

"काकू, उद्यापासून भिंगरीला मी नेईन."

काकूंनी सवयीने मांजराकडे बघितलं. "मांजरा, यांना सांग..." आणि थांबल्या. मग माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तूच बोललीस ना?"

"मीच."

"मग पट्टा लावायला सांग तिला. दादा होता तेव्हा लावायची नाही." आणि चिमटे तसेच दोरीवर टाकून आत गेल्या.

आज पहाटे मी चाव्या घेऊन बाहेर आले, तर बाबा शिकवणाऱ्याच्या सीटवर बसलेले. सदऱ्याची बटणं लावत होते.

"बाबा, मला गाडी येते. परवाना आहे. शिकवलं तुम्हीच होतं."

"येते ना. चालव."

"मग तुम्ही?"

"दुसऱ्याचं मूल आहे. आपलं असतं तर एक ब्रेक चालला असता. दुसऱ्याच्या मुलाला दोन लागतात."

त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात लांब भाषण असावं हे.

तुझी,
बीएस्सी


गुरुवार, २१ सप्टेंबर

ताई,

रोज तिघं जातो. बाबा शेजारी, पाय ब्रेकवर, नजर समोर. भिंगरीशी थेट बोलत नाहीत. आता बोलायला तोंड उघडलं तर आधी न बोलल्याचं काय करायचं, असा त्यांना प्रश्न असावा.

"मागच्या सीटला सांग, पट्टा."

"मागच्या सीटने लावला, मास्तर," मागून आवाज.

"मागच्या सीटला सांग, पिशवी सीटवर नको, खाली ठेव. ओली असते."

"मास्तर, जाताना कोरडीच असते. येताना ओली."

बाबांनी यावर विचार केला. "मग येताना खाली ठेव म्हणावं."

पोरगी पाठीवर पोहते. तिला स्पर्धेत तेवढंच येतं आणि तेवढंच पुरे असं तिचं म्हणणं. गाडीत बसल्या बसल्या मान मागे टाकून छताकडे बघते आणि हात फिरवते. तलावावर दोरीला रंगीत झेंडे लावलेले असतात, ते डोक्यावरून गेले की भिंत जवळ आली समजायचं, असं तिने मला समजावलं. बाबा ऐकत नव्हते. ऐकत नसताना ते मान जरा वळवतात, तशी वळवली होती.

आता मंगळवारचं. वळण संपून मोठ्या रस्त्याला लागलो होतो, रस्ता मोकळा होता. भिंगरी मागून म्हणाली, "बीएस्सीताई, तू चपला घालून चालवतेस. वहिनी तर बूट काढायला लावते."

मी म्हटलं, "कोण वहिनी?" खरंच मला कळलं नाही. तो शब्द मी त्या घराच्या बाजूने कधी ऐकलाच नव्हता.

"आमची वहिनी. ती गाडी शिकवते ना तिकडे. पहिले काही दिवस सगळ्यांना अनवाणी बसवते. क्लच तळव्याला कळला पाहिजे म्हणते. तिकडचे लोक हसतात तिला."

गाडी जागच्या जागी थांबली. मी काही केलं नव्हतं. इंजिन बंद पडलं, रिकाम्या बाटल्या पेटीत खडखडल्या, पट्ट्याने मला सीटवर दाबून धरलं. मागची एक गाडी हॉर्न वाजवत बाजूने गेली. पाटीकडे बघून मग हात हलवून गेली, बिचारी.

"मास्तर, कुत्रं आडवं आलं का?" भिंगरीने विचारलं.

"हो."

"कुठे आहे?"

"गेलं."

मी गाडी सुरू केली. तलावाचा फाटा आला तेव्हा बाबा समोरच्या काचेला म्हणाले, "थंडीतसुद्धा?"

भिंगरी म्हणाली, "काय थंडीत?"

"अनवाणी. तिकडे थंडी फार असते."

"थंडीत मोजे चालतात म्हणते वहिनी."

"मोजे चालत नाहीत," बाबा म्हणाले. "मोजा पेडलवर घसरतो. सांग तिला."

ताई, हे ते थेट भिंगरीला म्हणाले. 'मागच्या सीटला सांग' नाही. ते तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तू त्यांची अनवाणी पद्धत तिकडे नेलीस, हे ते दिवसभर घोळवत होते. दुपारी एका शिकाऊला त्यांनी सांगितलं, "बाहेरगावी पण असंच शिकवतात."

आता माझं. म्हणजे तू भिंगरीशी बोलतेस. दर रविवारी, काकूंच्या फोनवर, हे नंतर तिनेच सांगितलं. तू गाडी शिकवतेस हे मला शेजारच्या मुलीकडून कळतं. मला माहीत आहे, आमच्याकडे फोन घेणार कोण होतं. मीच वचन दिलेलं. तरीही. पहिल्या पत्रात रागावलेली नाही असं लिहिलं होतं, ते खोडते. त्या दिवशी तलावावर नळीत गोळी न टाकताच मी रंग यायची वाट बघत बसले होते. रखवालदार म्हणाला, "आज क्लोरीन अजिबात नाही वाटतं मॅडम."

ता. क. बाबांना मी सांगितलं की मी तुला पत्र लिहिते. वचन फोनचं होतं, हेही सांगितलं. म्हणाले, "विज्ञान शिकलीस की वकिली?" भिंतीवरून वकिलाने बघितलं. बंद कर असं काही म्हणाले नाहीत.

तुझी,
अजून थोडी रागावलेली बीएस्सी


रविवार, १५ ऑक्टोबर

ताई!

तुझं पत्र आलं. दीड पान, आणि त्यातलं एक पान मोज्यांबद्दल! मी ते ऑफिसात बाबांना वाचून दाखवलं. पेडल बर्फासारखं गार असतं, शिकाऊंच्या पायाला गोळे येतात, मोजे पातळ असतात, आणि घसरल्याचं अजून एकही उदाहरण नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. तक्त्यावरच्या 'निसरडा रस्ता'कडे बराच वेळ बघितलं.

"पातळ म्हणजे किती पातळ?"

"ते लिहिलं नाही."

"मग वाद कशाला घालते? विचार तिला."

तर विचारते. पातळ म्हणजे किती पातळ? शक्यतो एक मोजा पाठव. मी गंमत करत नाहीये, ते खरंच हातात घेऊन बघतील.

आईला वाचायला दिलं तेव्हा तिने आधी पाकीट उलटंपालटं केलं, मग पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेली. ते आता चहाच्या डब्यामागे आहे. डबा त्यामुळे पुढे आलाय आणि फळीवरून पडायच्या बेतात आहे, तरी ते तिथे आहे हे अजून कोणालाच माहीत नाही.

भिंगरीला आता उशीर होत नाही. प्रशिक्षक बाईंनी तिला चाचणीला धरलं. काकूंचं प्लास्टर निघालं, पण स्कूटर धरायची नाही असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी भिंतीशी आल्या आणि वकिलाला म्हणाल्या, "हात सुटला रे. आता मी नेईन असं म्हणणार होते, पण डॉक्टर नको म्हणतात. कोणाला फार त्रास होत असेल तर बघते दुसरं काही."

आई वांग्याच्या रोपांना पाणी घाल... नाही, खोटं कशाला लिहू, आई काहीच करत नव्हती, भिंतीशी उभी राहून वाटच बघत होती. म्हणाली, "वकिला, त्यांना सांग, गाडी तिकडेच जाते. आणि आमचे हे आजकाल न उठवता उठतात. त्यांच्या तब्येतीला बरं आहे."

"चहा घेता का विचार."

"येते म्हणावं."

आणि आई गेली. भिंतीला वळसा घालून, समोरच्या दाराने. वकील एकटाच बसला होता, त्याचं काम गेलं म्हणून मला जरा वाईट वाटलं. परत आल्यावर आई म्हणाली, "साखर जास्त घालतात." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीबद्दल मी काही लिहीत नाही. ती वाचली. बाबांना ती मी वाचून दाखवली नाही, ती माझी होती. रागाचं जे उरलं होतं ते आता नाही. नळीत पाहिलं, रंग आला नाही.

तुझी,
बीएस्सी


रविवार, १९ नोव्हेंबर

ताई,

काल तू फोनवर होतीसच, तेव्हा निम्मं तुला माहीत आहे. निम्मं नाही. ते सांगायला हे पत्र.

चाचणी दुसऱ्या टोकाच्या मोठ्या तलावावर होती. काका रात्रपाळीवरून तेवढ्यात आले होते, त्यांचे डोळे उघडत नव्हते. काकू म्हणाल्या, "मला बघवणार नाही, छाती धडधडते," आणि आमच्याकडे येऊन आईजवळ बसल्या. म्हणून नेहमीचेच तिघं गेलो. बाबा प्रेक्षकांच्या बाकावर अगदी पुढे बसले. पाण्याच्या शेजारी एवढा वेळ ते कधी बसले नसतील. मी सवयीने पाण्याचा वास घेतला, क्लोरीन ठीक होतं.

भिंगरीची शर्यत सुरू झाली तेव्हा बाबांनी माझा दंड धरला. "मागे न बघता? एवढ्या वेगात?"

"तशीच असते ती."

"आरसा नाही, काही नाही, आणि ही..." झेंडे तिच्या डोक्यावरून गेले तेव्हा त्यांचा पाय जमिनीवर दाबला गेला. मी बघितलं. बाकाखाली ब्रेक नव्हता.

तिसरी आली. पहिल्या चौघी संघात. ती पाण्यातून बाहेर येऊन थेट आमच्याकडे धावली, ओली, आणि बाबांच्या समोर थांबली. आता काय करतात मला कळेना. त्यांनी टॉवेल पुढे केला. "पूस. थंडी वाजेल. भिंतीला डोकं लागलं नाही ना?"

"झेंडे असतात ना मास्तर!"

"हो, असतात," बाबा म्हणाले. "मी बघितले."

परत निघालो. ओली पिशवी खाली. चौक ओलांडला असेल, भिंगरीने काकूंचा फोन बाहेर काढला. काकूंनी मुद्दाम दिला होता. "तुमच्या घरी लावला, आई रडली. आता दादा-वहिनीला लावते!"

"चालत्या गाडीत फोन नाही," बाबा म्हणाले.

"मास्तर, मी थोडीच चालवतेय?"

"या गाडीचा नियम आहे. चालत्या गाडीत फोन नाही. मागच्या सीटलाही नाही."

आरशात मला तिचं तोंड दिसलं. फोन मांडीवर ठेवला, त्यावर हात ठेवला. तिसरी आलेली मुलगी अशी दिसत नाही. माझ्या डोक्यात पुन्हा भाषण तयार व्हायला लागलं, सुरुवातही झाली होती, "बाबा, आज तरी..."

"बीएस्सी. गाडी बाजूला घे."

मला वाटलं, मला ओरडणार.

"आरसा बघ. इशारा दे. त्या झाडापलीकडे, तिथे रुंद आहे. हळू. हं. न्यूट्रल. हँडब्रेक ओढ. इंजिन बंद."

मी सगळं केलं. पहिल्या दिवशीच्या शिकाऊसारखं, एकेक. इंजिन बंद झाल्यावर फार शांत वाटलं. बाबा समोर बघत म्हणाले, "आता लाव."

मी उतरले. पाय मोकळे करायचेत असं त्यांना सांगितलं. तुलाही तेच सांगते. काचा खाली होत्या, भिंगरीने आवाज मोठा केला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, तिसरी! संघात!"

तू ओरडलीस, भाऊजींनी मागून काहीतरी विचारलं. मग तू एकदम म्हणालीस, "कुठून बोलतेस?"

"गाडीतून."

"चालत्या गाडीतून?"

आणि मी रस्त्यावर उभी राहून हसले गं. तोच आवाज. तोच नियम.

"नाही! बाजूला घ्यायला लावली. हँडब्रेक ओढलाय, इंजिन बंद आहे."

अशी गाडी कोण उभी करायला लावतं हे तुला वेगळं सांगायला नको होतं. भिंगरीला वाटलं फोन कट झाला, ती हॅलो हॅलो करत राहिली. मग तू अगदी हळू विचारलंस, "तिथेच आहेत का?"

"शेजारच्या सीटवर. बोलू?"

"नको, नको. त्यांना त्रास... बरं, त्यांना एवढंच सांग. मोजे बंद केले म्हणावं."

भिंगरीने सांगायची गरज नव्हती. मोठ्या आवाजात ते सगळ्या गाडीभर झालं होतं.

तू जे ऐकलंस ते असं. बाबांचा आवाज, जरा लांबून. "मागच्या सीटला सांग, पातळ असतील तर चालतील."

आणि तू हसलीस. रडलीसही, पण आधी हसलीस.

आता तुला जे दिसलं नाही ते. मी गाडीच्या मागे उभी होते. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी सपाट रस्त्यावर, एक इंच हलायची शक्यता नाही. आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते. भिंगरीने फोन लावला तेव्हापासून. बाबा तो दुसरा ब्रेक पूर्ण दाबून बसले होते.

तू हसलीस, तेव्हा दिवे विझले.

तुझी,
बीएस्सी